रोध कमी केला, तरी पॉट का जळतो?

प्रश्न : १२ व्होल्टच्या सप्लायवर १०० ओहमचा रेझिस्टर (लोड) आणि त्याच्याशी एकसर १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा पॉटेन्शिओमीटर जोडला. रोध पूर्ण ठेवला की पॉट थंड असतो; कमी करत आणला की धूर येतो. असं का?

उत्तर : रोध जास्त म्हणजे उष्णता जास्त, असं सरसकट नसतं. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणलं की शक्ती मिळते. १००० ओहमवर प्रवाह जेमतेम ११ मिलिअँपिअर, त्यामुळे पॉटमध्ये ०.१२ वॅट. १०० ओहमवर, म्हणजे पॉट लोडइतकाच झाला की, प्रवाह ६० मिलिअँपिअर आणि पॉटमध्ये ०.३६ वॅट. हीच त्याची कमाल. त्याखाली पॉटची उष्णता घटते. लोडची मात्र वाढत शून्यावर १.४४ वॅट होते.

०.३६ तर अर्ध्या वॅटहून कमीच! खरी मेख इथेच आहे. अर्धा वॅट ही क्षमता अख्ख्या कार्बन पट्टीची. १०० ओहमवर तिचा दहावा भागच वापरात असतो आणि त्याला फार तर ०.०५ वॅट झेपतात. म्हणून पॉट निवडताना वॅटबरोबर प्रवाहही तपासाच. तुमच्या पॉटची मर्यादा सुमारे २२ मिलिअँपिअर आहे.

इथे २५० ओहम, ५ वॅटचा वायरवाउंड पॉट लावा. तो १२० मिलिअँपिअर सहज पेलेल. लोडचा रेझिस्टरही किमान २ वॅटचा घ्या.