दोन ग्राफिक्स कार्डांची बेरीज होत नाही

जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या जोडीला तसंच आणखी एक बसवलं की पीसीची ताकद दुप्पट होते, असं दुकानात अजूनही बिनदिक्कत सांगितलं जातं. २०२१च्या सुरुवातीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मलाही हेच सांगण्यात आलं आणि त्यापायी माझे बरेच पैसे गेले. राग अजून गेलेला नाही. आणि नव्या गिऱ्हाइकांना तेच ऐकवलं जाताना पाहतो, तेव्हा गप्प बसवत नाही.

माझ्याकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० होतं. सायबरपंक २०७७ हा गेम नुकताच आला होता आणि त्याच्यापुढे या कार्डाचा टिकाव लागत नव्हता. नवं घ्यायला गेलो तर बाजारात कार्डच नव्हती. चिपचा तुटवडा होता, त्यात उरलीसुरली कार्डं इथेरियमच्या मायनिंगवाल्यांनी उचललेली. जी होती, त्यांचा भाव ऐकूनच माणूस परत फिरायचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, नव्याच्या मागे कशाला लागता? सेकंडहँड ९७० देतो, एसएलआय करा, म्हणजे दोन्ही कार्डं जोडून चालवा. परफॉर्मन्स डबल. आणि चार नि चार आठ जीबी मेमरी."

मी स्पष्ट विचारलं होतं, "मी खेळतो ते गेम दोन्ही कार्डांवर चालतील ना?" उत्तर आलं, "सगळे चालतात." खात्री पटावी म्हणून त्याने दुकानातल्या पीसीवर दोन कार्डं लावून थ्रीडीमार्कची फायर स्ट्राइक चाचणी चालवली. ग्राफिक्सचा आकडा खरोखरच जवळजवळ दुप्पट आला. डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस आणखी काय तपासणार?

घरी आणून कार्ड बसवलं, वर दोन्ही कार्डं जोडणारा ब्रिज लावला, तरी एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये एसएलआयचा पर्यायच दिसेना. माझा मदरबोर्ड बी१५० चिपसेटचा. त्यावर दुसरा लांब स्लॉट होता, पण त्याला आतून डेटाच्या चारच लेन जोडलेल्या होत्या. एसएलआयला प्रत्येक कार्डामागे किमान आठ लेन लागतात. बोर्डाचं नाव मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यावर आता दुकानदार म्हणाला, "मग झेड१७०चा बोर्ड घ्या ना." तोही त्याच्याचकडे तयार होता. पाठोपाठ मोठा पॉवर सप्लायही आला, कारण एकेक कार्ड १४५ वॅटचं. एका स्वस्त उपायाचं बिल असं टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं गेलं.

शेवटी सगळं जुळलं. सायबरपंक सुरू केला, सोबत कार्डांचा वापर दाखवणारा एमएसआय आफ्टरबर्नर उघडून ठेवला. पहिलं कार्ड ९९ टक्के. दुसरं शून्य. सेटिंग बदललं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, पीसी बंद करून चालू केला. तरी शून्यच. त्या गेमला एसएलआयचा आधारच नव्हता. आजही नाही. विकत घेतलेलं, वीज खाणारं, खोकं तापवणारं एक अख्खं कार्ड नुसतं बसून होतं. त्या रात्री शोधाशोध केल्यावर कळलं की एनव्हिडियाने सप्टेंबर २०२० मध्येच जाहीर केलं होतं: १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी एसएलआयची नवी ड्रायव्हर प्रोफाइलं येणार नाहीत. मला कार्ड विकलं गेलं ते या तारखेनंतर. कार्डं विकणं हाच ज्याचा धंदा, त्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. आणि खरोखर ठाऊक नसेल, तर "सगळे चालतात" असं त्याने कशाच्या जोरावर सांगितलं?

परत गेलो तेव्हा तोच माणूस ओळख नसल्यासारखा बोलला. आधी म्हणे ड्रायव्हर अपडेट करा. मग म्हणे गेमच खराब आहे. शेवटी पावतीवरच्या ओळीवर बोट ठेवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दुकानात इतर गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर "साहेबांना सेटिंग जमत नाही" हेही ऐकवलं. पैशापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं, कारण सेटिंगमध्ये काहीही चुकलेलं नव्हतं.

मुळात हे चालतं कसं, ते एकदा समजून घ्या. एसएलआयमध्ये बहुतेक वेळा एक फ्रेम पहिलं कार्ड काढतं, पुढची दुसरं. त्यासाठी दोघांकडे तोच सगळा मालमसाला लागतो, म्हणून प्रत्येक टेक्स्चर दोन्ही कार्डांच्या मेमरीत भरलं जातं. चार नि चार मिळून वापरायला चारच जीबी. आठ जीबी हे धडधडीत खोटं होतं. आताचे गेम नवी फ्रेम काढताना आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. ती दुसऱ्या कार्डावर असली की थांबा, आणा, मग काढा. फायदा तिथेच विरतो. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये तर कार्डांत काम वाटण्याची जबाबदारी गेम बनवणाऱ्यावर आली. मोजक्या लोकांच्या खोक्यात दोन कार्डं असताना कोणता स्टुडिओ त्यासाठी माणसं बसवेल? शॅडो ऑफ द टूम रेडर किंवा रेड डेड रिडेम्पशन २ सारख्या हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या गेमांनी ते केलं. फायर स्ट्राइकवर आकडा दुप्पट आला तो यामुळेच: ती चाचणी दोन कार्डांवर नीट चालते, तुमचा गेम चालेलच असं नाही.

जिथे एसएलआय चालतं, तिथलीही गोष्ट ऐका. विचर ३ मध्ये माझा फ्रेमचा आकडा वाढला, पण हालचाल अडखळत होती. सेकंदाला सरासरी ६० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. पण एक फ्रेम ८ मिलिसेकंदांत आणि पुढची २५ मध्ये आली, तरी काउंटर ६०च दाखवतो. डोळ्यांना मात्र ४० फ्रेमच्या आसपासचा अडखळता खेळ दिसतो. याला मायक्रोस्टटर म्हणतात. शिवाय वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं. मुंबईच्या मे महिन्यात वरचं ८० अंशांच्या पुढे गेलं की स्वतःचा वेग कमी करायचं.

आता दोन कार्डं घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी.

गेमिंगसाठी दोन कार्डं घेऊ नका. जेवढे पैसे आहेत, त्यात एकच मोठं कार्ड घ्या. आज तर पर्यायच उरलेला नाही: आरटीएक्स ३० मध्ये फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला दोन कार्डं जोडणारा एनव्हीलिंक होता, ४० च्या गेमिंग कार्डांतून तोही गेला. एएमडीने २०१९ च्या आरएक्स ५७०० पासून क्रॉसफायर, म्हणजे त्यांचं एसएलआय, दिलेलं नाही. जोडीची स्वस्त जुनी कार्डं दिसतील, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंग बंद केल्यावर ती ढिगाने बाजारात आली. त्यातलं एखादं वापरायला हरकत नाही. दोन नकोत.

जुनं कार्ड कमी पडत असेल, तर ते विका आणि त्या पैशात भर घाला. भाव चढलेले असतील तर थांबा. मला विकणाऱ्याला घाई होती, मला नव्हती. थांबताना जुन्या कार्डावरही भागवता येतं: जून २०२१ मध्ये एएमडीने एफएसआर हे तंत्र आणलं. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या प्रतिस्पर्ध्याच्या कार्डांवरही चालतात; कमी रिझोल्यूशनवरून चित्र मोठं करून ते फ्रेम वाढवतं, तेही फुकट.

"एआयसाठी दोन लागतात" किंवा "ब्लेंडरसाठी दोन घेतात" असं सांगितलं जाईल. ते खरं आहे. ब्लेंडरच्या सायकल्स या इंजिनमध्ये रेंडर करताना दोन्ही कार्डं एसएलआयशिवाय काम वाटून घेतात. पण त्याचा तुमच्या गेमशी संबंध नाही. लॉसलेस स्केलिंगसारख्या प्रोग्रॅममध्ये मधल्या फ्रेम बनवायचं काम दुसऱ्या कार्डाला देता येतं. ते कार्ड घरात पडून असेल तर जरूर करून पाहा, पण त्यासाठी नवं विकत घेऊ नका.

मदरबोर्ड घेताना स्लॉटच्या लांबीवर जाऊ नका, मॅन्युअलमध्ये लेन किती ते पाहा. पॉवर सप्लाय चांगल्या प्रतीचा घ्या. खोक्यात हवा खेळती ठेवा. खरेदी शांत डोक्याने करा.

दुकानात बेंचमार्क दाखवू लागले तर थांबवा आणि तुमचाच गेम लावायला सांगा. दोन्ही कार्डांचा वापर पडद्यावर दिसू द्या. नाही म्हणाले तर तिथून निघा.

कच्ची पावती घेऊ नका. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि जे तोंडी कबूल केलं, ते त्यावर लिहून मागा: कुठला गेम, कुठल्या बोर्डावर. वस्तूच्या उपयोगाबद्दल दिशाभूल करणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण तक्रार उभी राहते ती कागदावर. माझ्याशी बोलणारा माणूस लिहून द्यायच्या वेळी नक्की अडखळला असता. ज्याचा स्वतःच्या शब्दावर भरवसा आहे, तो लिहून देतो. जो देत नाही, त्याला तुमचा एक रुपयाही देऊ नका.