खाद्य सांडू न देणारे भांडे

कोंबडी खाण्यापेक्षा शोधण्यात अधिक वेळ घालवते. दाणा समोर असला तरी ती पायाने उकरते, चोच आडवी फिरवून नको ते उडवते आणि आवडीचा जाड कण आधी वेचते. उकिरड्यावर याच सवयीने तिचे पोट भरते. विकतचे मॅश, म्हणजे भरडलेले खाद्य, उघड्या घमेल्यात ठेवले की त्याच सवयीने ते खाली सांडते, तुसात मिसळते आणि विष्ठेने नासते. सांडलेल्याकडे कोंबडी क्वचितच परतते. ते उंदीर-घुशींच्या वाट्याला जाते. कुक्कुटपालनाच्या खर्चात 60 ते 70 टक्के वाटा खाद्याचा असतो, त्यामुळे भांड्यातला दोष थेट खिशाला लागतो.

अंड्यावरची कोंबडी रोज साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. 12 कोंबड्यांना 50 किलोचे पोते त्या हिशेबाने पाच आठवडे पुरायला हवे. प्रस्तुत लेखकाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील परसात ते 24व्या दिवशी संपले. तिथे वापरात होते घरीच केलेले पाइपचे भांडे: 110 मिलिमीटर व्यासाचा चार फुटी पीव्हीसी पाइप, खाली एक एल्बो (वळणाचा जोड), वर झाकण. खर्च थोडा, काम अर्ध्या तासाचे. अशी भांडी पुष्कळ ठिकाणी दिसतात आणि बघताना ती निर्दोष वाटतात.

दोष तीन होते. एल्बोचे तोंड रुंद आणि उघडे होते, काठाला आत वळलेली पाळ नव्हती. चोचीने उडवलेले मॅश अडणार कशाला? तोंड जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर होते, म्हणून कोंबड्या पायानेही ओढत. तिसरा दोष सर्वांत घातक ठरला. पाइप खुराड्याच्या भिंतीला तारेने पक्का बांधला होता, तो सोडवून धुण्याची सोयच नव्हती. पावसाळी हवेत बारीक मॅश ओल धरते आणि पाइपमध्ये त्याचा गठ्ठा अडकतो. वरून पाइप भरलेला दिसतो, खाली मात्र जुने, दमट खाद्य तसेच बसून राहते. जुलैत त्या एल्बोतून आंबूस वास येऊ लागला आणि आठवड्याभरात दोन गिरिराज जातीच्या कोंबड्या मेल्या. पशुवैद्यकाने त्या चिरून यकृत दाखवले आणि पहिला प्रश्न खाद्याचा विचारला. पाइप कापल्यावर कोपऱ्यात हिरवट बुरशीचा थर निघाला.

मका आणि शेंगपेंड ही या बुरशीची आवडती घरे. तिच्यातून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृत नासवते. बुरशी लागलेले खाद्य उन्हात वाळवल्याने ते विष जात नाही. बुरशी झटकून टाकल्यानेही नाही. असे खाद्य पुरून टाकावे. ते दुसऱ्या जनावराला, विशेषतः बदकांना, देऊ नये. बदके या विषाला कोंबड्यांपेक्षा लवकर बळी पडतात.

दुसरे भांडे या चुकांवरून बेतलेले आहे. त्याला 20 लिटरची झाकणाची प्लॅस्टिक बादली आणि 75 मिलिमीटरचे 90 अंशांचे चार एल्बो लागतात. बादली खाद्यपदार्थाचीच घ्यावी. हॉटेलात किंवा मिठाईच्या दुकानात रिकामी बादली स्वस्तात मिळते. रंगाची बादली कितीही घासली तरी या कामाला नको. एल्बोचे एक तोंड बाहेर आडवे येते आणि दुसरे आत बादलीच्या तळाकडे वळते. आतले तोंड तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर राहील अशा बेताने भोकाची जागा ठरवावी. एल्बो बादलीवर टेकवून पेनने गोल आखावा आणि रेषेच्या किंचित आतून कापावे. भोक तंग असेल तर सांध्याला सिलिकॉन थोडेच लागते. बाहेरच्या तोंडाची कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी, नाहीतर तुरा कापला जातो.

खाद्य आतल्या तोंडाखाली आपोआप घसरते, पण एल्बोतून वर चढत नाही. कोंबडी डोके आत घालून खाते आणि तिने झटकलेला कण एल्बोच्या भिंतीवर आपटून पुन्हा आतच पडतो. बचत होते ती इथे. मात्र बादलीच्या मध्यभागी जुने खाद्य साचू शकते. ते टाळण्यासाठी तळाशी एक नरसाळे पालथे ठेवावे, म्हणजे खाद्य कडांकडे सरकते.

बादली विटांवर ठेवावी आणि तोंडाचा खालचा काठ कोंबडीच्या पाठीच्या रेषेत आणावा. त्याहून खाली ठेवल्यास उकरणे सुरू होते, फार वर ठेवल्यास गरीब स्वभावाची कोंबडी उपाशी राहते. एका तोंडाला तीन कोंबड्या हे प्रमाण बरे. मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्याचे डोके 75 मिलिमीटरमध्ये अडखळते; त्याच्यासाठी एक तोंड 110 मिलिमीटरचे करावे. लहान पिल्लांना हे भांडे अजिबात देऊ नये, पिल्लू आत शिरते आणि अडकते.

नवे भांडे ठेवल्यावर जुने लगेच उचलू नये. पहिले दोन-तीन दिवस प्रत्येक तोंडात थोडी कणी दिसेल अशी टाकावी. एक शिकली की बाकीच्या बघून शिकतात. संध्याकाळी खुराड्यात शिरताना प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी हाताने चाचपावी. जिची रिकामी लागेल तिला जुन्या भांड्यात खायला घालावे.

पावसाळ्यात बादली पूर्ण भरू नये, तीन दिवसांचे खाद्य पुरे. भांडे छपराखाली, पागोळ्यांपासून दूर असावे. दर आठवड्याला रिकामे करून धुवावे आणि पूर्ण सुकल्यावरच भरावे. ओलसर बादलीत टाकलेले मॅश दुसऱ्या दिवशी तळाला चिकटते. रात्री तोंडांवर घट्ट झाकणे बसवली तर उंदीर सहज आत शिरत नाहीत.

कोणतेही भांडे चांगले की वाईट, हे एका दिवसात तपासता येते. त्याखाली गोणपाट अंथरावे, संध्याकाळी सांडलेले गोळा करून तराजूत घालावे आणि दिवसभरात भरलेल्या खाद्याशी ताडून पाहावे. जुन्या पाइपखाली पाव किलोच्या वर मॅश मिळत असे. बादलीखाली मूठभरही नव्हते, आणि नंतर आणलेले पोते उरलेल्या 10 कोंबड्यांना 42 दिवस पुरले.