संगणक मध्येच का बंद पडतो?

समजा, तुमच्या घरी सात वर्षांपूर्वी घेतलेला संगणक आहे. अब्बा त्यावर दुकानाचा हिशेब ठेवतात. आपा कॉलेजचा प्रकल्प लिहिते. संगणक मंद चालू लागला म्हणून त्यात रॅमची आणखी एक पट्टी बसवली आणि नवे ग्राफिक्स कार्डही घातले. संगणक चपळ झाला. पण चौथ्या दिवशी पडदा अचानक निळा पडला व संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. आपाने लिहिलेली चार पाने गेली. दुसऱ्या दिवशी असे दोनदा घडले. तिसऱ्या दिवशी एकदाही नाही.

अशा वेळी पुष्कळ लोक घाईने सगळे पुसून विंडोज नव्याने टाकतात. चाक पंक्चर झाले म्हणून सायकलला नवा रंग द्यावा, तसे हे आहे. फाइली जातात आणि बिघाड तसाच राहतो.

आधी हिशेबाच्या व अभ्यासाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मग एक वही करा. संगणक किती वाजता बंद पडला, तेव्हा काय चालू होते, पडद्यावर कोणते शब्द आले, हे त्यात लिहा. वही ठेवण्याची ही रीत जुनीच आहे. १९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क-२ या अवाढव्य संगणकाच्या आत एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीतच चिकटवून ठेवला! ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपलेली आहे.

आता विचार करा. बिघाड नव्या वस्तू बसवल्यावर सुरू झाला, म्हणून पहिला संशय त्यांच्यावर. खेळ खेळतानाच संगणक बंद पडत असेल, तर उष्णता किंवा अपुरा वीजपुरवठा हे कारण असू शकते. पण आपा तर नुसती लिहीत होती. म्हणून रॅम आधी तपासावी.

रॅम ही संगणकाची पाटी आहे. तिच्यावर सारे काही ० आणि १ या अंकांत लिहिलेले असते. एका जागी ० चा १ झाला, तरी काम बिघडू शकते. प्रत्येक वेळी तीच जागा वापरली जात नाही, म्हणून बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही.

विंडोजमध्ये रॅम तपासण्याची सोय असते. मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅमही मोफत मिळतो. तो पाटीवर अंक लिहितो व पुन्हा वाचून पाहतो. ही तपासणी रात्रभर चालू द्यावी. एकही चूक निघाली, तरी रॅमचा बिघाड समजावा.

चूक निघाली, तर एकेक पट्टी वेगळी तपासा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. दोन्ही पट्ट्या एकेकट्या ठीक चालतात, पण एकत्र बसवल्या की चुका होतात, असेही घडते. जुनी पट्टी सावकाश चालणारी व नवी वेगवान असते; दोघींची चाल जुळत नाही. मग बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग कमी करावा व पुन्हा तपासावे. एकटी पट्टी कोणत्याही खाचेत चुका करत असेल, तर मात्र ती दुकानदाराला परत द्यावी.

रॅम निर्दोष ठरली, तर पॉवर सप्लायकडे वळा. त्याच्या पेटीवर वॅटचा आकडा छापलेला असतो. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर किती वॅटचा पॉवर सप्लाय हवा ते लिहिलेले असते. पेटीचा आकडा त्याहून कमी असेल, तर मोठी पेटी घ्यावी. संगणक उघडण्यापूर्वी प्लग काढा आणि हात लावण्याआधी डब्याच्या धातूला स्पर्श करा. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या आत काही काळ जोराचा झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.

स्वाध्याय
१. रॅमला पाटी का म्हटले आहे?
२. एका वेळी एकच बदल का करावा?
३. वाक्यात उपयोग करा : घाईने, अचानक, रात्रभर.