कर्णधार मैदानात आला

सन १९७० च्या मे महिन्यातील ही हकीकत आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या अजिंक्यपदासाठी न्यूयॉर्कचा निक्स व लॉस एंजेलिसचा लेकर्स हे संघ झुंजत होते. सातांपैकी चार सामने जिंकील तो अजिंक्य, असा नियम होता. पाचव्या सामन्यात निक्सचा कर्णधार विलिस रीड एकाएकी कोसळला. त्याच्या उजव्या मांडीचा स्नायू फाटला होता. तो सामना सहकाऱ्यांनी निकराने जिंकला. परंतु सहाव्यात सात फुटांहून उंच अशा विल्ट चेंबरलेनला आवरणारा कोणीच उरला नाही. त्या एकट्याने ४५ गुण मिळविले! दोन्ही संघांचे तीन-तीन विजय झाले.

८ मे रोजी अखेरचा सामना होता. रीड खेळणार काय, हाच प्रश्न सर्वांच्या मुखी होता. आत वैद्य त्याच्या मांडीत वेदनाशामक इंजेक्शन देत होते. असे खेळावे काय, अशी शंका तुम्हांस येईल, आणि ती रास्तच आहे. औषधाने वेदना दबते, स्नायू सांधत नाही. तरीही खेळास थोडाच अवकाश असता तो लंगडत बाहेर आला. सारे क्रीडागृह उठून उभे राहिले. निक्सचे पहिले दोन्ही चेंडू त्यानेच जाळीत टाकले! पुढे त्याला एकही गुण मिळाला नाही. तथापि चेंबरलेनला अंगाच्या भाराने रेटून धरणे त्याने सोडले नाही. वॉल्ट फ्रेझरने ३६ गुण मिळविले आणि निक्सने ११३-९९ असा विजय मिळविला. त्या संघाचे ते पहिलेच अजिंक्यपद होते. रीडच्या नावावर त्या दिवशी अवघे ४ गुण नोंदले गेले.