पाळीव मांजरास मोकळीक : काही दक्षता

उज्जैनच्या माधव नगरासारख्या शहरी वस्तीत घरात वाढलेल्या मांजरास वाहने, भटकी कुत्री, संक्रांतीच्या सुमारास तारांवर अडकलेला मांजा व विष खाल्लेले उंदीर हे धोके उमगत नाहीत. म्हणून त्यास मोकळीक द्यावयाची ती क्रमाक्रमानेच.

प्रथम लसीकरण. पिलू तीन महिन्यांचे होताच रेबीज-प्रतिबंधक लस टोचून घ्यावी व वर्षाने पुन्हा द्यावी. पिसाळलेला कुत्रा मांजरास चावल्यास हा रोग घरात शिरतो. मादी ४ ते ६ महिन्यांत वयात येऊ शकते. नसबंदी न करता तिला सोडणे म्हणजे बेवारस पिलांची संख्या वाढविणे होय.

त्यानंतर छातीभोवती पट्टा व दोरी बांधून, खाणे देण्यापूर्वी दहा मिनिटे अंगणात न्यावे. भुकेले मांजर हाकेसरशी परतते. सूर्यास्तापूर्वी त्यास घरात घ्यावे.

मांजराने चावा घेतल्यास वा ओरखडा काढल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना लावू नये. विनाविलंब रुग्णालय गाठावे. लक्षणे उमटल्यानंतर रेबीज बहुधा प्राणघातकच ठरतो. वेळीच घेतलेली लस प्राण वाचविते. शिक्षकांनी हे मुलांच्या मनावर बिंबवावे.