किक का मारावी लागते?

मुलांनो, मोटारसायकल सुरू करताना किक मारतात किंवा बटण दाबतात. टाकीत पेट्रोल तर असते, मग इंजिन आपणहून का सुरू होत नाही? त्यासाठी इंजिनाच्या पोटात डोकावले पाहिजे.

इंजिनात सिलिंडर नावाची मजबूत, पोकळ नळी असते. तिच्यात दट्ट्या खाली-वर सरकतो. मिस्त्री त्याला पिस्टन म्हणतात. दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की एक स्ट्रोक झाला. दट्ट्याला जोडलेला दांडा खालचा क्रँक फिरवतो. सिलिंडरच्या माथ्यावर आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशा झडपा असतात. तेथेच स्पार्क प्लग बसवलेला असतो.

पहिल्या स्ट्रोकमध्ये दट्ट्या खाली जातो आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. मग झडप मिटते. दुसऱ्या स्ट्रोकमध्ये दट्ट्या वर येतो. मिश्रणाला बाहेर पडायला वाट नसते. ते साधारण नवव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबले जाते. तेवढ्यात प्लगची ठिणगी पडते. मिश्रण पेटते आणि तापलेला वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतो. हा तिसरा स्ट्रोक. चौथ्या स्ट्रोकमध्ये दट्ट्या वर येऊन जळलेला वायू बाहेर काढतो. क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सारे सेकंदाला २५ वेळा घडते!

ताकद मिळते ती फक्त तिसऱ्या स्ट्रोकमध्ये. बाकीचे तीन उधारीवर चालतात. त्यांना लागणारा जोर क्रँकला जोडलेले फ्लायव्हील नावाचे जड, फिरते चाक पुरवते. बंद इंजिनात हे चाक थांबलेले असते. म्हणून पहिले स्ट्रोक आपल्या पायाने किंवा बॅटरीने करून द्यावे लागतात.

पण मिश्रण दाबण्यात ताकद कशाला घालवायची? १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वार यांनी वायू न दाबताच पेटवणारे इंजिन बनवले. ते चालले, पण इंधन फार खाई. दाबून पेटवलेला वायू दट्ट्याला जास्त जोराने आणि जास्त अंतर ढकलतो. १८६२ साली बो द रोशा या फ्रेंच इंजिनिअरने चार स्ट्रोकची ही रीत कागदावर मांडली. पण कागद आणि चालते इंजिन यांत फार अंतर असते. ते अंतर १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी पार केले. त्यांचे इंजिन दगडी कोळशाच्या वायूवर चाले. पुढे १८८५ साली डाइमलर आणि मायबाख यांनी पेट्रोलचे हलके इंजिन एका लाकडी दुचाकीवर बसवले.

दट्ट्याभोवतीच्या कड्या झिजल्या की दाबलेले मिश्रण फटीतून निसटते आणि गाडी चढावर दम टाकते. मग मिस्त्री प्लग काढतात, त्या भोकावर अंगठा दाबून धरतात आणि कोणाला तरी किक मारायला सांगतात. अंगठा जोराने उडाला तर सिलिंडर ठीक आहे. नुसतेच फुस्स झाले, तर आधी कड्या तपासायच्या.