फीचा पैसा कुठून आणावा?

बारावीचा निकाल लागतो. पोरगी चांगल्या मार्कांनी पास होते. गल्लीत पेढे वाटतात. चार दिवसांनी कॉलेजच्या फीचा आकडा कळतो आणि घर गप्प होते. मग आई पेटी उघडते. आमच्या इतवारीत सराफा हाकेच्या अंतरावर आहे. पाटल्या गहाण पडतात, फी भरली जाते.

थोडा हिशेब करू. एक लाख रुपये घेतले. व्याज शेकडा दोन रुपये महिना. ऐकायला दोनच रुपये! पण महिन्याचे झाले २,००० आणि वर्षाचे २४,०००. चार वर्षांत ९६,००० रुपये नुसते व्याज. मुद्दल जागच्या जागी. पाटल्या घरी येतील कशा?

ही अडचण आजचीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कॉलेजसाठी महिना २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली अमेरिकेत शिकायला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले. त्याला अट होती. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार सही करून झाला होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धाच होता. परत यावे लागले. बडोद्यास नोकरीवर गेले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. नोकरी सुटली. एवढा शिकलेला माणूस, आणि डोके टेकायला खोली नाही! पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. एका पारशी मित्राने उसने दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि अभ्यास पुरा केला.

म्हणजे शिष्यवृत्ती, कमाई, मदत आणि उसनवारी, साऱ्यांची मोट बांधावी लागली. आपणही तसेच करावे, पण आधी जे परत करावे लागत नाही ते मागावे.

अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ती १९४४ सालापासून चालू आहे. फी मिळते, वर निर्वाह भत्ता. इतर मुलांसाठी राज्याच्या योजना आहेत. घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना पाहावी. शिवाय २०२४-२५ पासून इतर मागासवर्गाच्या आणि आर्थिक दुर्बल घटकांच्या मुलींना इंजिनिअरिंगसारख्या शिक्षणाची फी माफ आहे. उत्पन्नाची अट तीच, ८ लाखांची. पण प्रवेश सरकारी फेरीतून घेतलेला हवा. मॅनेजमेंटच्या जागेवर घेतला, तर ही माफी नाही. हे पुष्कळांना मागाहून कळते.

अर्ज महाडीबीटीवर भरतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला लागतो. हे निकालाच्या आधीच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते. बँकेचे खाते आधारला जोडलेले पाहिजे, नाहीतर मंजूर झालेला पैसाही अडकतो. आणि अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो बरं! पहिल्या वर्षी भरला की झाले, असे समजून कित्येक मुलांचे दुसरे वर्ष बुडते.

एवढे करूनही कमी पडले, तर बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्यावे. साधारण साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका तारण मागत नाहीत. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. शेकडा दहा रुपये सालाना धरले, तरी एक लाखाला चार वर्षांत ४०,००० होतात. सराफ्यातल्या ९६,००० पेक्षा कमी, पण फुकट नाही. जमेल तसे व्याज मधूनमधून भरीत गेले, तर पुढचा हप्ता हलका होतो.

या कर्जावर मुलाबरोबर आईची किंवा बापाची सही लागते. पोराने फेडले नाही, तर बँक त्यांच्याकडे येते. म्हणून सही करण्याआधी साहेबांना विचारा: व्याज किती, हप्ता कधीपासून, किती वर्षे? तोंडी उत्तर घेऊ नका. कागदावर ते कुठे लिहिले आहे, तिथे बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि ती ओळ स्वतः वाचा.